उभ्या कॅमेऱ्यातला हात

परभणीहून गंगाखेडकडे जाताना ज्वारीच्या रानात दोरीला बांधलेल्या चकाकत्या चकत्या वाऱ्यावर गरगरताना दिसल्या, तर त्यातल्या बऱ्याच माझ्या हातून वाया गेलेल्या आहेत असं खुशाल समजा. डीव्हीडी लिहिता लिहिता लाइट गेली की ती डिस्क मेली. आमच्याकडे लाइट जाणं काही नवीन नाही. मग हुरड्याच्या दिवसांत दुकानात आलेलं गिऱ्हाईक लग्नाच्या डीव्हीडीआधी ते विचारायचं, "वैनी, खराब चकत्या हायेत का? पाखरं लय झालेत." मी पिशवीभर द्यायची. आमचे हे म्हणायचे, तुझं काम सगळ्यात जास्त कुणी पाहिलं असेल तर ते चिमण्यांनी.

"हे" म्हणजे माझे यजमान. ते लग्नाचं शूटिंग करायचे आणि मी स्टेशन रोडवरच्या आमच्या दुकानात बसून मिक्सिंग. मिक्सिंग म्हणजे काय, ते नव्या मुलांना सांगावं लागतं. लग्नात दिवसभर जे टिपलं, त्यातलं नको ते काढायचं, हवं ते जोडायचं, त्यावर गाणी घालायची, नवरा-नवरीला बदामाच्या आकारात बसवायचं आणि सगळं डिस्कवर उतरवून द्यायचं. हे मी कुठल्या क्लासात शिकले नाही. गंगाखेडहून लग्न होऊन आले तेव्हा मला कॉम्प्युटर चालू कुठून करतात तेही ठाऊक नव्हतं. यांना मांडवातून फुरसत नसायची, म्हणून मी बसले ती बसलेच.

आमचं घर शिवभक्तांचं. सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय चहा नाही. पहिला कॉम्प्युटर घरात आला तेव्हा सासऱ्यांनी, किराण्याच्या दुकानात तराजूला लावायचे तशी, तीन बोटं विभूती मॉनिटरच्या कपाळी ओढली. पुसायची कुणाची छाती नव्हती. परभणीतली कितीतरी लग्नं मी त्या तीन पट्ट्यांच्या खाली बघत जोडली.

डिस्कवर लिहिण्याचं म्हणाल, तर मला अजून त्याचं नवल वाटतं. हातात धरली तर नुसती चकती. मागच्या बाजूला जांभळी झाक. तिच्यावर उजेडाचा एक किरण पडतो, डोळ्याला दिसणार नाहीत असे ठिपके उमटवत आतून बाहेर सरकत जातो, आणि त्या ठिपक्यांत कुणाची हळद असते, कुणाची वरात, कुणाच्या आजीचं हसणं. शाई नाही, कागद नाही. मी हे काम इतकी वर्षं केलं, तरी ट्रे बाहेर आला आणि गरम डिस्क हातात घेतली की एक क्षण थांबायचे. देव्हाऱ्यासमोर थांबतो तसंच, खोटं कशाला सांगू.

मग एचडी कॅमेरा आला. यांनी तो कर्ज काढून आणला आणि चुडाव्याजवळच्या एका लग्नाचं शूटिंग करून कार्ड माझ्या हातात दिलं. मी ते मोठ्या मॉनिटरवर लावलं आणि बघतच राहिले. नवरीच्या कानामागं राहून गेलेली हळद दिसत होती. पंगतीतल्या भाताची वाफ दिसत होती. मांडवाच्या कापडाचं एक भोक आणि त्यातून पडलेला उन्हाचा कवडसा एका म्हाताऱ्याच्या फेट्यावर फिरत होता. इतके दिवस मी लग्नं पाहिली होती की लग्नांचे ढग, असं मला वाटलं. यांना हाक मारली तर हे जेवत होते, तसेच उष्ट्या हाताने येऊन उभे राहिले.

आणि मग ते सगळं डीव्हीडीवर घालायची वेळ आली, तेव्हा रडू यायचं बाकी राहिलं.

बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगते. एचडीचं एक चित्र डीव्हीडीच्या चित्रापेक्षा पाचपट मोठं असतं. घरोघरी असायचे ते डीव्हीडी प्लेअर तेवढं मोठं चित्र ओळखतच नाहीत. त्यामुळे ते दाबून लहान करावं लागतं. दाबलं की आधी कानामागची हळद जाते, मग वाफ जाते, मग कवडसा. वर गिऱ्हाइकाचा हट्ट असतो की सगळं लग्न एकाच डिस्कमध्ये बसवा. एका ट्रंकेत घरातल्या सगळ्या गोधड्या कोंबल्या तर झाकण लागतं, पण बाहेर काढल्यावर त्यांची काय दशा झालेली असते, ते बायकांना विचारा.

एक मोठे कापडवाले होते. मुलीचं लग्न थाटात केलं होतं. डीव्हीडी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी पाय आपटत परत आले. "वैनी, माझ्या दुकानातली पैठणी हाय ती. तुमच्या डिस्कमंधी नायलॉन दिसायलीय. पाव्हणे काय मनतील?" मी म्हटलं, "काका, तुम्हीच म्हणालात ना, हळदीपासून सत्यनारायणापर्यंत सगळं एकात बसवा." त्यांना ते पटेना. शेवटी मी त्यांना त्यांच्याच भाषेत विचारलं, की एका नऊवारीच्या कापडात तीन बायकांना नेसवाल का. काका हसले. लग्न तीन डिस्कांत विभागून दिलं, तेव्हा पैठणीचे मोर परत आले. पुढे त्यांनी आपल्या ओळखीत सगळ्यांना सांगितलं, की मिक्सिंगवाल्या वहिनी कापड ओळखतात.

अशा युक्त्या मी हळूहळू साठवल्या. डिस्क सावकाश लिहायची, घाई केली की ठिपके फाकतात. काठापर्यंत भरायची नाही, कारण पहिली बिघडते ती कड. वर नावाचा कागद चिकटवायचा नाही, मधल्या रिकाम्या कड्यावर पेनाने लिहायचं. लिहून झाली की मशीनला ती परत वाचायला लावायची. बाजारातले आमचे भाऊबंद हे शेवटचं कधी करायचे नाहीत, वेळ जातो म्हणून.

पण खरी युक्ती एकच होती, आणि ती गिऱ्हाइकाच्या उपयोगाची नव्हती. कार्डावरची फाइल जशीच्या तशी, न दाबता, साध्याच डिस्कवर तुकड्यांनी ठेवून द्यायची. कॅमेरा लांब शूटिंगचे आपोआप तुकडे पाडतो आणि असे दोन तुकडे एका डिस्कवर अल्लाद बसतात. एक कणही कमी होत नाही. फक्त ती डिस्क टीव्हीवर चालत नाही, कॉम्प्युटरलाच कळते. गिऱ्हाइकाला द्यायची ती दाबलेली डीव्हीडी दिली की बाजारात सगळेजण कार्ड पुसून पुढच्या लग्नाला मोकळे व्हायचे. माझ्याने ते पुसवेना. कुणी मागितलं नव्हतं, कुणी मागणारही नव्हतं, तरी मी प्रत्येक लग्नाच्या मूळ फाइली डिस्कांवर घालून पत्र्याच्या पेट्यांत, उभ्या, अंधारात ठेवत गेले. पापड-कुरडयांच्या डब्यांशेजारी. हे चिडवायचे, "हिचं वाळवण बघा. हे कोण खाणार हाय?"

तर ज्यांना ते वाळवण उपयोगी पडलं, त्यांची गोष्ट सांगायला बसले आहे.

एका दुपारी दुकानात बहीण-भाऊ आले. भाऊ तरणा, खांद्यावर घोंगडी नव्हती, पण चालण्यावरून मेंढपाळाच्या घरचा कळत होता. बहीण त्याच्यापेक्षा थोडी मोठी, गळ्यात नवं मंगळसूत्र, हातात आमच्याच दुकानाची डीव्हीडी. भावाचं नाव मारुती. बहिणीचं सोजर, पणजीवरून ठेवलेलं. पूर्णा तालुक्यातली माणसं, चुडाव्याच्या स्टेशनावर गाडीत बसून आली होती.

"वैनी, आमच्या ताईच्या लग्नाची शूटिंग तुमीच केलती," मारुती म्हणाला. "हिला त्यातलं एक फूल काढून पायजे."

मी म्हटलं, "फूल? कसलं फूल?"

सोजरने पुढे होऊन डीव्हीडी माझ्या टेबलावर ठेवली आणि हाताने आकाशातून काहीतरी झरतंय असं दाखवलं. मग डावा हात वर धरून उजव्याने तो झाकला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिला बोलता येत नाही.

"जन्मापसून ऐकू येत न्हाई तिला," मारुती म्हणाला. "पन डोळ्यानं लय ऐकती."

मी डीव्हीडी लावली. पाठवणीचा प्रसंग. जीपमध्ये बसलेली सोजर आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडते आहे, बायका डोळे पुसत आहेत. आणि मध्येच लांबून घेतलेलं एक दृश्य येतं. मांडवाच्या पलीकडच्या टोकाला, खांबाशी, एक फेटेवाला माणूस उभा आहे आणि त्याने हात वर केला आहे. तिथे मी स्लो मोशन टाकलं होतं आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या होत्या. तेव्हा पाठवणीला पाकळ्या पाडायचा रिवाजच होता. पाकळ्या नसल्या तर लोक विचारायचे, आमच्यात काय कमी पडलं? त्यातली एक टपोरी पाकळी नेमकी त्या माणसाच्या हातावरून सावकाश खाली येत होती.

"ह्यो आमचा बा," मारुती म्हणाला.

आणि मग त्याने जे सांगितलं ते मी जमेल तसं लिहिते.

सोजर लहानपणापासून बापाबरोबर मेंढरांमागे असायची. कळपापुढे ती, कळपामागे बाप. बाकीच्यांना हाक मारता यायची, शीळ घालता यायची. तिला काय मारणार? म्हणून बापाने तिच्यासाठी हातांची बोली बनवली. पाणी, लांडगा, बसा, उठा, कोकरू राहिलं, सगळ्याला वेगवेगळे हात. पोरगी चालता चालता मागे वळून बघायची आणि बाप लांबून हाताने सांगायचा. त्यातले रोजचे हात दोनच. उघडा पंजा पुढे ढकलला की त्याचा अर्थ, चालत राहा, मी मागं हाय. मूठ वळून वर धरली की, थांब, मी येतोय.

"लग्नादिवशी बा तिला काहीतरी सांगत होता," मारुती म्हणाला. "हिनं बगितलंच न्हाई, आईच्या खांद्यावर तोंड होतं. जीप गेली. मी सामान चढवत होतो, माझंबी ध्यान न्हाई. चुलती मनती, त्यानं मूठ दावली. थांब मनत होता."

लग्नानंतर बाप मेंढरं घेऊन गोदावरीच्या पलीकडे चरायला गेला तो तिकडेच वाटेत तापाने गेला. सोजरची आणि त्याची परत भेट झालीच नाही. त्याने तिला सांगितलेलं शेवटचं जे काही होतं, ते त्या पाकळीखाली होतं.

"ती रोज टीव्हीम्होरं बसती," मारुती म्हणाला. "सासरची मानसं चांगली हायेत, कुणी काही मनत न्हाई. पन तिच्या मनानं घेतलंय, की बा थांब मनला आन आपुन थांबलो न्हाई. मी तिला सांगतो, पंजाच होता. ती मनती, तू बगितलं का? आता खोटं कसं सांगू? हातानं खोटं बोललं तर तिला लगेच कळतं, वैनी."

सोजर या वेळात माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काय बोलते ते नाही, मला काय वाटतंय ते.

मी पाकळ्यांच्या मधलं एक चित्र थांबवून मोठं केलं. कणसासारखा एक पिवळट ढब्बा. मूठ म्हणा, पंजा म्हणा, काहीही म्हणा. पाकळी नसती तरी कळलं नसतं. एक तर तो माणूस लांबचा, मोठ्या चित्रातही बोटभर. ते चित्र दाबून पाचव्या हिश्शाचं केलेलं. त्यात स्लो मोशन. स्लो मोशन करताना कॉम्प्युटर दोन खऱ्या चित्रांच्या मधलं तिसरं चित्र स्वतःच्या मनाने रंगवतो, त्यामुळे हलत्या हाताचं नुसतं धुकं होतं. इतकी वर्षं त्या धुक्यावर लोक रडले होते आणि मला शाबासकी देऊन गेले होते. बोटं कुणी मोजली नव्हती. मोजायची गरज असणारं माणूसच कधी आलं नव्हतं.

मला त्या मुलीचा धाकच वाटला. आपण ज्याला दर्जा दर्जा म्हणतो, तो कापडवाल्या काकांना पैठणीसाठी हवा असतो, मला माझ्या अभिमानासाठी. हिच्यासाठी तो बापाचा आवाज होता. तो मी दाबून लहान केला होता आणि वर गाणं लावलं होतं, जे तिला ऐकूही येत नव्हतं.

"बसा," मी म्हटलं आणि आत जाऊन पेटी उघडली.

डिस्क सापडायला वेळ लागला नाही, पण ती वाचली जाईना. ड्राइव्ह घरघर करायची, दम घ्यायची, परत घरघर करायची. परभणीचा उन्हाळा माणसांना सोडत नाही, चकत्यांना काय सोडणार? मारुती माझ्या पाठीमागे उभा. त्याला वाटलं असेल, संपलं. मी डिस्क काढली, साध्या पाण्याने धुतली, मलमलीच्या फडक्याने मधून कडेकडे पुसली. गोल फिरवून पुसायची नसते, ओरखडा उमटला तर तो किरणाच्या वाटेने उमटतो. मग जुन्या कॉम्प्युटरमध्ये लावली, तोच विभूतीवाला. त्याची ड्राइव्ह हळू आहे, पण कुठलीही रुसलेली डिस्क ऐकते. बराच वेळ दिवा लुकलुकत राहिला. माझ्या तोंडून "शिव शिव" निघत होतं ते मला नंतर कळलं. आणि फाइलींची नावं पडद्यावर उतरली.

त्या लग्नात यांनी दोन कॅमेरे लावले होते. एक हातातला, नवरीसोबतचा. दुसरा मांडवाच्या कोपऱ्यात तिपाईवर उभा केलेला. त्याला आम्ही उभा कॅमेरा म्हणायचो. तो एकदा चालू केला की आपला आपण चालत राहायचा, आणि मी त्यातला एखादा तुकडा चवीपुरता घ्यायची. बाप त्यातच होता.

पाठवणीची जागा शोधून मी फाइल चालू केली आणि आम्ही तिघंही पुढे सरकलो. केवढं लख्ख होतं ते! मांडवाची झालर, उलट्या पडलेल्या खुर्च्या, अक्षता तुडवत जाणारी पोरं. पाकळ्या नाहीत, गाणं नाही. त्या लांबच्या खांबाशी फेटा बांधलेला बाप. मी तो भाग पडदाभर मोठा केला. बोटं मोजता येत होती.

सोजरचा श्वास मला ऐकू आला.

बापाने हात वर केला. मी चित्र थांबवलं. मूठ होती. अंगठा आत घालून घट्ट वळलेली मूठ, डोक्याच्या वर.

सोजर मटकन स्टुलावर बसली. मारुती तिच्याकडे बघेना आणि माझ्याकडेही बघेना. मला वाटलं, कुठून ती पेटी उघडली. पाकळी बरी होती. निदान शंका तरी राहत होती आणि शंकेवर माणूस जगतं. मी फाइल बंद करायला हात नेला, तर सोजरने माझं मनगट धरलं. मेंढरांची लोकर ओढून राठ झालेला हात. तिने मान हलवून पडद्याकडे दाखवलं. पुढे.

मी माझ्या मिक्समध्ये तो तुकडा तिथेच तोडला होता, कारण पुढे एक ढोलवाला कॅमेऱ्यासमोरून गेला होता. आमच्या धंद्यात मध्ये कुणी आडवं आलं की तिथे कात्री. आता तो ढोलवाला सावकाश आडवा आला, त्याच्या ढोलाने सगळा पडदा व्यापला. तो गेला. बाप तिथेच होता. मूठ अजून वर होती. जीप सुरू झाल्याचा आवाज आला, तो मारुतीने आणि मी ऐकला. आणि मूठ उघडली.

एकदम नाही उघडली. एकेक बोट सुटावं तशी. मग सबंध पंजा उघडा झाला आणि बापाने तो पुढे ढकलला. परत ढकलला. जीप चौकटीच्या बाहेर गेली होती, तरी तो माणूस पंजा पुढे ढकलतच होता, कळप लांब गेल्यावर ढकलत असेल तसा. मग त्याने फेट्याचा शेव डोळ्यांना लावला आणि तो मांडवाबाहेर निघून गेला.

फाइल चालूच राहिली. पोरं खुर्च्या गोळा करत होती.

सोजरने मला ते परत लावायला लावलं. परत. आणखी परत. मग तिने भावाशी हातांनी काही बोलणं केलं. मारुतीचे डोळे वाहत होते, पण तो हसत होता.

"ती मनती, रानात शेवटला हात धरायचा असतो," त्याने मला सांगितलं. "आधी काय बी दावू द्या. शेवटी जे दावलं ते खरं. बा चालत राहा मनला. मी मागं हाय मनला."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला काय म्हणावं, मला माहीत नाही. मी देवळात समई उजळताना पाहिली आहे, पण माणसाच्या तोंडावर इतका उजेड आलेला तेव्हाच पाहिला.

आता तिच्या घरी चालेल अशी डिस्क करून द्यायची होती. तिच्याकडे साधा प्लेअर, साधा टीव्ही. आणि इथे मला माझ्या आयुष्यातली सगळ्यात सोपी युक्ती सुचली. सगळं मोठं चित्र कशाला दाबायचं? त्या मोठ्या चित्रातून, बापाभोवतीचा, डीव्हीडीला जेवढा लागतो तेवढाच चौकोन कात्रीने काढल्यासारखा काढायचा. दाबायचं काहीच नाही, म्हणजे जाणारही काही नाही. मांडव, खुर्च्या, पोरं सगळं बाहेर राहील आणि बाप जसाच्या तसा, बोटांसकट, तिच्या टीव्हीवर येईल. एवढी वर्षं मी एचडीशी भांडत होते आणि ते करायचं कसं, हे तिने एका हाताकडे बघून मला शिकवलं.

मी चौकोन आखला. आणि मग माझी जुनी सवय जागी झाली. मिक्सिंगवालीचा हात हा, काही खुपलं की कापतो. मी ढोलवाल्याच्या पुढची जागा धरली आणि मारुतीला म्हटलं, "हिला सांग, की मी ढोलवाला गेल्यापासून पुढचं ठेवते. मूठ काढून टाकते. नुसता पंजा राहील. रोज बघायचं आहे, तर चांगलं तेवढंच बघू दे."

मारुतीला ते पटलं. त्याने तिला हाताने सांगितलं.

सोजर उठली. तिने माझ्या माउसवरचा हात बाजूला केला आणि फाइल मागे न्यायला लावली, पाठवणीच्या सुरुवातीला. मोठं चित्र. तिने पडद्यावर आईला बोट लावलं आणि आपला पंजा पुढे ढकलला. चुलतीला बोट लावलं, पंजा ढकलला. सासऱ्यांना, नवऱ्याला, शेजारणींना, वाजंत्र्यांना, एकेकाला बोट लावत गेली आणि प्रत्येक वेळी पंजा. सामान चढवणाऱ्या मारुतीला बोट लावलं आणि पंजा. मारुतीने मान खाली घातली.

मग तिने खांबाजवळच्या फेट्याला बोट लावलं, मूठ वळून डोक्याच्या वर धरली आणि तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली.

मला मारुतीने सांगायची गरज पडली नाही. त्या मांडवात सगळ्यांनी तिला जा म्हटलं होतं. थांब म्हणणारा तो एकटा होता.

माझ्या पाठवणीत मला कुणी थांब म्हटलं होतं का, ते मी तिथे बसल्या बसल्या आठवून पाहिलं. मग डोळे पुसले, कापायची खूण जिथे केली होती तिथून पुसून टाकली आणि मूठ, ढोलवाला, पंजा, सगळं एका सलग तुकड्यात डिस्कवर लिहायला लावलं, अगदी सावकाश.